एकवीस दिवसांची तारा

आमच्या वस्तीत पाच जणींचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. एक जुलै. त्यातली एक मी आणि एक तारा.

झालं असं होतं की त्रेसष्ट साली ताराचे काका आनंदराव आम्हा पाच मुलींना ओळीनं घेऊन शाळेत नाव घालायला गेले. मास्तरांनी विचारलं, "वय?" काका म्हणाले, "लिहा जी सहा." मास्तरांनी त्या दिवशीची तारीख घेतली, सहा वर्षं मागे मोजली आणि पाचही नावांपुढे लिहिलं, जन्म १ जुलै १९५७. कोणाच्या आईला विचारायची पद्धत नव्हती. आयांना तारखा ठाऊक नव्हत्या, पण त्यांना दुसरं सगळं ठाऊक होतं. माझी आई सांगायची की मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले, लाकडी बैल घेऊन पोरं दारात आली होती तेव्हा. आणि ताराच्या आईला, तुळसाबाईला, तर विचारावंच लागत नसे.

"एकवीस दिसाची होती माही तारा," ती आपणहून सांगायची. "दीक्षेच्या दिवशी ओटीत घेऊन गेली होती मी तिले. सुईण म्हणे, बाळंतीण बाई, उन्हात मरशील. मी म्हटलं, मरीन त मरीन, पण बाबासाहेबांच्या समोर मरीन. पांढरं लुगडं नव्हतं माह्यापाशी. सासूचं नेसून गेली. त्याच्याच पदराखाली होती हे."

तारा हे ऐकतच मोठी झाली. खेळताना कोणाशी भांडण झालं की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मी दीक्षेला होती. तू होती का?" आम्ही तिला डाव देऊन टाकायचो.

आमचं घर आणि तिचं घर, मध्ये एक कुडाची भिंत. तुळसाबाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. तंबाखूचा वास भिंतीतून आमच्याकडे यायचा. ताराचे वडील लवकर गेले होते. काका होते, पण घर तुळसाबाईच्या हातांवर चालत होतं.

तारा उंच होती. आठवीतच आमच्यापेक्षा हातभर वर गेली. तिची उंची पहिल्यांदा कोणाच्या कामाची वाटली असेल तर लहानूजींच्या. लहानूजी मिलमध्ये पहिल्या पाळीला असायचे. तीन वाजता सुटले की घरी जेवून चारला विहाराशेजारच्या मोकळ्या जागेवर हजर. तिथं त्यांनी मुलांचं व्हॉलीबॉल मंडळ काढलं होतं, आणि मग मुलींचंही. जाळी त्यांनी स्वतः सुतळी विणून केली होती. मैदानाच्या रेघा राखेच्या. प्रत्येकीनं आपल्या चुलीची राख चाळून डबाभर आणायची, नाही आणली तर त्या दिवशी खेळ नाही. चेंडू कातडी होता. त्याला ते रविवारी खोबरेल लावायचे, पोराला न्हाऊ घालावं तसं.

मी लिफ्टर होते. म्हणजे आलेला चेंडू जाळीपाशी वर उचलून द्यायचा, आणि तारानं उडी घेऊन मारायचा. चार वर्षं आम्ही हेच केलं. लहानूजी बाहेरून ओरडायचे, "उंच दे वं रुख्मे, उंच! तिच्या डोक्यावर दे, आपल्या डोक्यावर नको!" मी उंच दिला की पुढचं पाहावंच लागत नसे. समोरच्या संघातल्या मुली डोळे मिटून घ्यायच्या.

स्पर्धांमध्ये दोन गट असत. अठरा वर्षांच्या आतल्या मुलींचा एक, आणि दुसरा खुला, त्यात कोणीही. आम्ही अर्थातच लहान गटात खेळायचो. दोनदा दुसऱ्या फेरीत हरलो, एकदा तिसऱ्या. चौथ्या वर्षी, म्हणजे पंच्याहत्तरच्या जानेवारीतल्या स्पर्धेला, लहानूजींनी आमच्याकडे पाहून पहिल्यांदा म्हटलं, "या साली जिल्हा आपला आहे." ते असं कधी बोलत नसत. जिल्हा जिंकला की राज्याच्या निवडीला खेळाडू बोलावत, आणि आमच्यातून कोणाला बोलावलं असतं ते सांगायची गरज नव्हती. त्या काळी राज्याचं प्रमाणपत्र असलेल्या मुलीला रेल्वेत, तारखात्यात नोकरी मिळते असं आम्ही ऐकलं होतं. तारा नुकतीच मॅट्रिक झाली होती. सूप मांडीवर घ्यायचं की दुसरं काही करायचं, हे तिचं त्या वर्षी ठरायचं होतं.

लहानूजींची एक पद्धत होती. नियमाची वयोमर्यादा जिच्या जवळ आली असेल तिच्या घरी ते दिवाळीच्या सुट्टीत जायचे आणि तिच्या आईला वय विचारायचे. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी लहान गटाच्या एका सामन्यात समोरच्या संघातली एक खेळाडू, सेट चालू असताना, बाहेर एक लेकरू रडायला लागलं म्हणून मैदान सोडून पळाली. लेकरू तिचंच होतं. तिनं त्याला झाडामागे पाजलं आणि परत येऊन सर्व्हिस केली. आम्ही तो सामना हरलो. लहानूजींनी तक्रार केली तेव्हा त्यांना दाखला दाखवण्यात आला. कागदावर ती सोळा वर्षांची होती. "कागदाले लेकरू नाही होत ना जी," लहानूजी पंचांना म्हणाले. सगळे हसले आणि निकाल तसाच राहिला. तेव्हापासून ते आयांना विचारू लागले.

त्या वर्षी ते तुळसाबाईकडे आले तेव्हा मी तिथंच होते, तेंदूची पानं कापायला बसले होते. तारा भांडी घासत होती.

"तुळसाबाई, तारा कधीची जी?"

"घ्या! कधीची म्हणे. दीक्षेची नाही का? एकवीस दिसाची होती. सुईण मले म्हणे..."

पुढचं सगळं तिनं सांगितलं, सासूच्या लुगड्यासकट. लहानूजींनी मान हलवत ऐकलं. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं मोजायला सुरुवात केली. छप्पन, सत्तावन, अठ्ठावन... मोजून झालं तरी बोटांकडे पाहतच राहिले. पुन्हा मोजली.

मी पण मोजली. छप्पनच्या दसऱ्याला एकवीस दिवसांची. म्हणजे स्पर्धेसाठी वय धरत त्या एक जानेवारीला अठरा वर्षं आणि वर तीन महिने.

खरं तर आम्हा सगळ्यांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. तारा दीक्षेला होती हे वस्तीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, आणि तिचा दाखला सत्तावनचा आहे हेही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून कोणी पाहिल्याच नव्हत्या.

"दाखल्यावर तर सत्तावन आहे ना जी," मी म्हणाले.

लहानूजींनी मोजलेली बोटं मिटून घेतली. तारा हातातलं भांडं तसंच धरून दारात आली होती.

"लहानूजी, किती होते जी?" तिनं विचारलं.

"तीन महिने जास्त होऊन राहिले."

"तीनच?"

"तीनच."

लहानूजींनी पिशवीतून फॉर्म काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "हे पाय पोरी, मी सांगत नाही. कागद तुह्याजवळ आहे. कागदावर खेळली त कोणी बोट दाखवू शकत नाही. नाही खेळली, त महाल मोहल्ल्यातल्या सिंधूताईच्या संघात मी तुले घालून देतो, खुल्या गटात. तिथं वय कोणी विचारत नाही. पण तिथं बाया दहा-दहा वर्षांच्या खेळलेल्या आहेत. तुले बाकावर बसा लागेल. शनिवारपर्यंत सांग."

ते उठले. दारात थांबून त्यांनी चप्पल घालायला फार वेळ लावला. तेव्हा मला वाटलं ते काही तरी म्हणतील. आता मला कळतं, की त्यांना तिनं फॉर्म भरावा असंच वाटत होतं, आणि तसं तोंडातून निघेल म्हणूनच ते चपलेत अडकून राहिले होते.

शनिवारपर्यंतचे चार दिवस आम्ही मुलींनी ताराला सोडलं नाही. आमच्यात सगळ्यात जास्त बोलणारी देवकी. ती म्हणाली, "ते लेकरूवाली खेळली, तुले कोणतं लेकरू आहे वं? तीन महिन्यानं काय होते?"

मी म्हणाले, "आपण थोडीच लिहिलं? मास्तरनं लिहिलं. आपण खोटं बोलूनच नाही राहिलो."

आम्ही हे विहाराच्या पायरीवर बसून बोलत होतो. आत संध्याकाळची वंदना नुकतीच झाली होती. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं आम्ही सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं होतं आणि बाहेर येऊन लगेच हा हिशेब मांडला होता. ते मला तेव्हा जाणवलं नाही. आमच्या डोळ्यांसमोर जिल्हा होता. ताराशिवाय आमच्या संघाला हात नव्हते, हे मीच सगळ्यात चांगलं जाणत होते. मी चेंडू वर उचलला तर तो मारणार कोण?

तारा फक्त ऐकत होती. शुक्रवारी ती म्हणाली, "भरते मी." देवकीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. आम्ही सगळ्या हसलो आणि तिच्या घरी गेलो, कारण फॉर्मवर पालकाची सही लागत होती.

तुळसाबाईला लिहिता येत नव्हतं. काकांनी शाईची डबी आणून दिली. तिनं अंगठा शाईवर दाबला, फॉर्मवर नेला, आणि वरच थांबली.

"याच्यात काय लिहिलं हाय? वाच बरं."

"काही नाही वं माय. नाव, गाव."

"वाच ना मंग."

तारानं वाचलं. नाव. पत्ता. मंडळाचं नाव. मग म्हणाली, "जन्म एक जुलै एकोणीसशे सत्तावन. वरील माहिती खरी आहे."

"सत्तावन म्हंजे? दीक्षेच्या मांगं का पुढं?"

"पुढं."

"पुढं किती?"

"नऊ महिने."

तुळसाबाईनं शाईचा अंगठा तसाच वर धरून ठेवला. तिला राग आला नव्हता. तिला खरोखरच समजत नव्हतं. "म्हंजे याच्यात असं लिहिलं हाय का, का दीक्षेच्या दिवशी तू नव्हती?"

"कागदावर, माय. नुसतं कागदावर."

"मंग माह्या ओटीत कोण होतं वं?"

कोणी हसलं नाही. देवकीसुद्धा.

तुळसाबाईच म्हणाली, "मी लावतो बापा अंगठा. मले का समजते? तुह्या खेळाचं तू पाय." आणि तिनं अंगठा खाली आणला. तारानं फॉर्म ओढून घेतला. अंगठा पाटावर उमटला.

"राहू दे," तारा म्हणाली.

"काहून? काय झालं?"

"काही नाही. राहू दे."

तुळसाबाईनं अंगठा राखेनं घासला, पण शाई दोन दिवस गेली नाही. त्या दोन दिवसांतल्या विड्यांच्या पानांवर निळे ठिपके होते.

शनिवारी तारानं फॉर्म अंगठ्याविनाच लहानूजींना परत दिला. ते रेघा आखत होते. त्यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला, म्हणाले, "बरं," आणि राहिलेली रेघ पुरी केली. त्या रविवारी मात्र त्यांनी चेंडूला तेल लावलं नाही.

जानेवारीत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. मी चेंडू वर उचलत राहिले, ज्या उंचीवर ताराचा हात असायचा त्याच उंचीवर. तिथं कोणी नसायचं. लहानूजी बाहेरून ओरडले, "खाली दे वं रुख्मे, आता खाली दे!" माझ्या हाताला ते जमलंच नाही.

सामना पाहायला तारा आली होती. मी तिच्याशी बोलले नाही. पुढे बुद्धपौर्णिमेपर्यंत बोलले नाही. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, ती मुद्दाम मोठ्यानं बोलायची हेही कळायचं. मी इकडे भांडी आपटायचे.

ती मात्र सायकलनं रोज महालात जायला लागली. सिंधूताई एका दवाखान्यात नर्स होत्या, कडक बाई. पहिल्या दिवशी त्यांनी ताराला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "उंची छान आहे. उडी छान आहे का ते पाहू. आधी पाण्याची बादली भरून आण." आमच्या मंडळात जिच्या नावानं समोरच्या मुली डोळे मिटायच्या, ती त्या वर्षभर बाराव्या नंबरची खेळाडू होती. पाणी द्यायची, चेंडू आणून द्यायची, बाकावर बसायची. साऱ्या मोसमात तिला चार सर्व्हिसा मिळाल्या. त्यातल्या दोन जाळीत गेल्या. हे तिनंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

"बसून काय करत होती वं?" मी विचारलं होतं.

"पायत होती. माणूस कुठं पाहून मारते आणि कुठं मारते, हे बाकावरूनच दिसते. खेळताना नाही दिसत."

दुसऱ्या वर्षी ती मधूनमधून खेळली. तिसऱ्या वर्षी पहिल्या सहात आली. राज्याच्या निवडीला तिला कोणी कधी बोलावलं नाही. ते दार लहान गटातूनच उघडत होतं आणि ते वर्ष निघून गेलं होतं. सिंधूताईंनी मात्र तिच्या मागे लागून शिक्षिकेचा कोर्स करवला. एकोणऐंशी साली ती कुही तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर लागली.

तिच्या नोकरीच्या कागदावर आजही एक जुलै सत्तावनच आहे. ती बदलून घ्यायला गेली होती. कार्यालयातले म्हणाले, मॅट्रिकनंतर तारीख बदलत नाही, आणि तुमचं त्यात काय नुकसान आहे बाई, नोकरी वाढूनच मिळेल. जिथं आपलं चालत नाही तिथं ती फार भांडत बसत नाही. पण त्या शाळेत पहिलीत नाव घालण्याचं काम तिच्याकडे आहे, आणि तिथं तिचं चालतं.

मी एकदा जूनमध्ये तिच्याकडे चार दिवस गेले होते तेव्हा पाहिलं. ती बापाला वा काकाला तारीख विचारत नाही. "आईले पाठवा," म्हणते. आई येते, पदर तोंडाशी धरून उभी राहते. त्या भागात सगळा धानाचा हिशेब. तारा विचारते, "पोरगी झाली तेव्हा रोवणं चालू होतं का झालं होतं?"

"रोवणं झालं होतं बाई. निंदण चालू होतं."

"धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या?"

"नाही, नाही. निसवाले टाइम होता. मी बांधावरूनच घरी आली ना."

"आणि कोणत्या सालचं धान हे? तो मोठा पूर आला, त्याच्या मांगचं का पुढचं?"

असं करत करत ती पंधरा दिवसांच्या आत आणून ठेवते आणि मगच लिहिते. हेडमास्तर गोविंदराव वैतागतात. "ताराबाई, एका नावाले एक घंटा! सगळ्यांचं एक जुलै करून टाका ना." ती म्हणते, "हो सर, होऊनच राहिलं," आणि पुढच्या आईला बसायला पोतं सरकवते.

शाळेमागे तिनं मुलींसाठी जाळी बांधली आहे. जाळी लहानूजींनी विणून दिलेली. तिच्या मुली बऱ्याचदा हरतात. समोरच्या संघात मिशा फुटल्यासारख्या मुली असतात, असं ती म्हणते. तिच्या मुली मात्र त्यांच्या त्यांच्या वयाच्या गटात खेळतात. मागच्या साली एक चांगली खेळणारी मुलगी तीन आठवडे वय जास्त भरलं म्हणून गटाबाहेर गेली. मुलगी रडली, बापानं शाळेत येऊन आरडाओरडा केला. तारानं मुलीला पुढच्या मोसमात सायकलवर कुहीला नेऊन मोठ्या संघात बसवलं. "बसवलं" असंच म्हणते ती. म्हणजे बाकावर.

दसऱ्याला आम्ही दोघी तुळसाबाईला घेऊन दीक्षाभूमीवर जातो. शहाऐंशी साली दीक्षेला तीस वर्षं झाली, तेव्हाची गर्दी विचारू नका. तुळसाबाईला आता नीट चालता येत नाही. एका हाताला तारा, एका हाताला मी. गर्दीत ती मध्येच थांबते आणि काठी जमिनीवर टेकवते.

"हे जागा. इथंच बसली होती मी."

दर वर्षी जागा वेगळी असते. मागच्या साली झाडाजवळ होती, त्याआधी पार फाटकापाशी. तारा दर वर्षी म्हणते, "हो माय, इथंच." मग आम्ही तिथं बसतो, तिघी. तुळसाबाई डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात बुद्धं सरणं गच्छामि म्हणते. म्हणून झालं की शेजारी जी कोणी अनोळखी बाई बसलेली असेल तिला सांगायला लागते. "एकवीस दिसाची होती हे. सुईण म्हणे, मरशील..." ती बाई मान वर करून ताराकडे पाहते. तारा एवढी उंच, केसांत पांढरं डोकावायला लागलेलं. ती बाई हात जोडते.

त्या वर्षी, तुळसाबाईचं सांगणं चालू असताना, मी ताराला हळूच विचारलं. बारा वर्षांत विचारलं नव्हतं.

"तारे, तू खेळली असती तर आपण जिल्हा जिंकलो असतो का वं?"

तिनं विचार केला. सामना पाहताना करते तसे डोळे बारीक केले.

"जिंकलो असतो," ती म्हणाली. "नक्की जिंकलो असतो."

"मग?"

पलीकडे तुळसाबाई सासूच्या लुगड्यापर्यंत आली होती. तारानं तिच्या पायावरचा पदर सारखा केला.

"मग दर साली मायले घेऊन इथं कोण्या तोंडानं आली असती वं?"

मी पिशवीतून पाण्याचा तांब्या काढला. आधी तुळसाबाईला दिला, मग ताराला.